कुठेतरी पाणी मुरतंय

ग्योर्लित्स, जुलै. वर डांबर पघळलेलं,
आणि नोआक बाईंच्या तळघरात भिंतींना घाम.
सतरा पायऱ्या. बाराव्या पायरीवरच वास गाठतो,
भिजल्या पुठ्ठ्याचा, बटाट्याच्या कोंबांचा,
ओलीच मिटून ठेवलेल्या छत्रीचा.

माझ्याआधी तिघे येऊन गेले.
पहिला भिंतीला टकटक करून म्हणाला,
पाणी जमिनीतून चढतंय, वातीत तेल चढतं तसं.
ओळीने भोकं पाडू, औषध भरू.
अकरा हजार युरो.
दुसरा घराभोवती चर खणणार होता,
आकडा त्याने कागदावर लिहिला
आणि कागद पालथा ठेवून गेला.
तिसऱ्याने एक डबी विकली.
अजून खिळ्याला आहे, हिरवा दिवा मिचकावत.
पाण्याची म्हणे ती समजूत घालते, मागे फिर.
बाई रोज तिच्यावरची धूळ पुसतात.

मी आधी भिंतीच्या पायाशी बसले.
बोटभर लोणा फुललेला. जिभेला लावून पाहिला,
धंद्यातली वाईट खोड.
"इथे कधी जनावरं होती?"
"आजोबांच्या आधी. बिअरवाल्याचे घोडे."
म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं मूत,
घोडे गेले, गाडे गेले, बिअरवालाही गेला,
ते मात्र विटांत जागं.
पण एवढ्या घामाला ते पुरायचं नाही.

मग भिंतीवर हातभर प्लॅस्टिक लावलं,
चारी कडा चिकटपट्टीने बंद, कोपऱ्यात तारीख.
थेंब मागे आले तर पाणी भिंतीचं.
पुढे आले तर आपलं.

तिसऱ्या दिवशी मागे कोरडं ठणठणीत.
पुढे थेंबच थेंब.

"खिडकी कधी उघडता?"
"मेमध्ये. सप्टेंबरपर्यंत बंद करत नाही.
आई म्हणायची, तळघराला उन्हाळा दाखवावा लागतो."
एक्क्याऐंशी वर्षांच्या बाई,
शाळेत पाठ म्हणून दाखवावा तशा ताठ उभ्या.

आकडे सांगून उपयोग नव्हता.
म्हटलं, खालून चेरीची एक बरणी आणा.
स्वयंपाकघरात, उन्हाच्या पट्ट्यात ठेवली.
दोघी बघत बसलो.
काच धुरकटली. मग टिपके. मग एक थेंब
दुसऱ्याला गाठून खाली ओघळला,
मेणकापडावर ओलं कडं उमटलं.
बाईंनी एप्रनने बरणी पुसली, उलटी करून पाहिली,
झाकण दाबलं.
"गळत नाहीये."
"नाहीच गळत."
काच पुन्हा धुरकटली.

बराच वेळ फक्त फ्रिज बोलत होता.
"म्हणजे मीच," त्या म्हणाल्या.
"हवा," मी म्हणाले. "गरम हवा, गार भिंत."
"दार कुणी उघडलं पण तिला?
साठ उन्हाळे. वाळावं म्हणून."
याला माझ्या पेटीत यंत्र नव्हतं.

चिठ्ठीवर लिहिलं:
उन्हाळ्यात खिडकी दिवसा बंद, पहाटे गारव्यात तासभर.
कडाक्याच्या थंडीत खुशाल उघडा.
सिमेंटचा गिलावा खरवडून काढा, चुन्याचा करा,
भिंतीलाही नाक असतं.
कपाटं वीतभर पुढे. पुठ्ठे बाहेर.
उत्तरेच्या कोपऱ्यात पन्हाळीचा सांधा फुटलाय,
चाळीस युरोत होईल.
माझे एकशेवीस.
"एवढंच?" बाई जरा हिरमुसल्या.
इतकी वर्षं सांभाळलेलं दुखणं
स्वस्तात जावं हे कुणालाच आवडत नाही.

जानेवारीत पुन्हा गेले. उणे नऊ.
बाई तळघरात, अंगात कोट, डोक्याला शाल,
खिडकी सताड, चेऱ्यांच्या बरण्यांवर बर्फाची भुकटी.
विटांवर यंत्र टेकवलं. आकडा निम्म्यावर.
लोणा होता तिथेच. घोडे इतक्यात जायचे नाहीत.
बाईंनी आकडा पाहिला, मग डबीकडे पाहिलं,
हिरवा दिवा, मिच, मिच.
"शेवटी लागू पडली बघा," म्हणाल्या.

मी हो म्हणाले.
कुठेतरी थोडं पाणी मुरू द्यावं.